हाट, कटरा आणि उधारीची वही : श्रावकांच्या किरकोळ व्यापाराचा एक मागोवा

जैन समाज हा व्यापारी समाज आहे, हे विधान इतक्या वेळा केले जाते की त्यात काही सांगितले गेले आहे, असे आता कोणालाच वाटत नाही. आबूची मंदिरे उभारणारे वस्तुपाल-तेजपाल, दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारा कच्छचा जगडूशा, मुंबईचे प्रेमचंद रायचंद ही नावे प्रत्येक समारंभात आदराने घेतली जातात आणि ती घेतली जावीत हे योग्यच आहे. परंतु समाजाचा फार मोठा भाग श्रेष्ठींचा कधीच नव्हता. तो दुकानदारांचा होता. गाठोडे पाठीवर घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांचा, दुसऱ्याच्या पेढीवर गुमास्तेगिरी करून पुढे स्वतःचे छोटे दुकान थाटणाऱ्यांचा होता. माल कोठून आणावा, तो गिऱ्हाइकापर्यंत कसा न्यावा, भाव काय सांगावा, उधार द्यावे की न द्यावे आणि दिलेले परत कसे यावे, हे प्रश्न या मंडळींना रोज पडत. ही उत्तरे शोधण्याचा इतिहास शिलालेखांत सापडत नाही. तो आगमांतील एखाद्या कथेत, एखाद्या आत्मचरित्रात आणि कधी कधी सरकारी चौकशीच्या कागदांत विखुरलेला आहे.

प्रथम आगमांतील साक्ष पाहावी. ‘उवासगदसाओ’ हे सातवे अंग. दिगंबर परंपरा मूळ अंगग्रंथ लुप्त झाल्याचे मानते, श्वेतांबर परंपरेत मात्र हे अंग वाचले जाते. त्यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. दहाही जण गृहस्थ असल्यामुळे त्यांच्या वैराग्याबरोबर त्यांच्या प्रपंचाचाही तपशील ग्रंथकाराने नोंदविला आहे. वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाने परिग्रहाची मर्यादा घालून घेतली, तेव्हा त्याने पाचशे गाड्या दूरच्या प्रवासासाठी आणि पाचशे गाड्या जवळच्या वाहतुकीसाठी ठेवल्या. नावांचेही असेच दोन गट केले, चार दूरच्या आणि चार जवळच्या. प्रवचनात या आकड्यांचा उल्लेख आनंदाचे वैभव दाखविण्यासाठी होतो. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर लक्षात राहते ती गाड्यांची विभागणी. लांबून घाऊक माल आणणारी वाहतूक वेगळी आणि तो आसपासच्या गावांत पोहोचविणारी वेगळी, हा भेद त्या काळीही स्पष्ट होता. एकच गाडी दोन्ही कामांना जुंपली तर एक काम नेहमी खोळंबते, हे कोणत्याही वाहतूकदाराला सांगावे लागत नाही.

याच अंगातील सातवे अध्ययन सद्दालपुत्त कुंभाराचे आहे. पोलासपूर नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. भोजन आणि वेतन घेऊन काम करणारी पुष्कळ माणसे तेथे घट, अर्धघट, कलश, रांजण अशी नाना आकारांची भांडी घडवीत आणि दुसरी माणसे ती भांडी राजमार्गावर नेऊन विकीत. माती, पाणी, भट्टी आणि धूर यांना जागा लागते, म्हणून घडविण्याचे काम नगराबाहेर. गिऱ्हाईक रस्त्यावर असते, म्हणून विक्री राजमार्गावर. घडविणारे हात आणि विकणारे हात निराळे. शिवाय घटाबरोबर अर्धघटही आहे, म्हणजे ज्याला पूर्ण घट परवडत नाही किंवा तेवढा लागत नाही, तोही रिकाम्या हाताने परतू नये. ग्रंथकाराला व्यापारशास्त्र शिकवायचे नव्हते. त्याने सहज केलेल्या वर्णनात हे सर्व आले आहे आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय वाटते.

सद्दालपुत्त हा तेव्हा आजीवक संप्रदायाचा, म्हणजे नियतिवादी होता. सर्व काही ठरलेले असते, पुरुषार्थाने काही होत नाही, अशी त्याची श्रद्धा. भगवंतांनी त्याला त्याच्या दुकानातच गाठले. मडकी उन्हात वाळत घातलेली होती. ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून, असे त्यांनी विचारले. प्रयत्नावाचून, असे त्याने आपल्या मताप्रमाणे उत्तर दिले. मग कोणी ती चोरली किंवा फोडली तर तू काय करशील, असा पुढचा प्रश्न आला. त्याला शिक्षा करीन, असे सद्दालपुत्त म्हणाला आणि त्याच क्षणी त्याच्या मताचा आधार निखळला. ज्याची मालमत्ता फुटणारी असते, त्या दुकानदाराला नियतिवाद फार काळ परवडत नाही. जैन विचारातील पुरुषार्थाची महती सांगण्यासाठी आगमाने राजा किंवा तपस्वी न निवडता भांडी विकणारा माणूस निवडला, याकडे व्याख्यात्यांचे लक्ष फारसे जात नाही.

विक्रीच्या नीतीचे नियमही तेव्हाच घातले गेले. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, खोटे वजन-माप वापरणे आणि चांगल्या वस्तूत हलकी वस्तू मिसळून ती चांगली म्हणून विकणे यांचा समावेश आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायातही हेच अतिचार आहेत, त्यामुळे या बाबतीत दोन्ही परंपरांचे एकमत आहे. ही यादी मठात बसून केलेली नाही. तराजूच्या कोणत्या पारड्याखाली काय दडविता येते, याची पक्की माहिती असलेल्यांनीच ती केलेली असणार.

यानंतर पुष्कळ शतके मंदिरे, ग्रंथभांडारे आणि संघयात्रा यांची माहिती विपुल मिळते, परंतु छोट्या दुकानदाराचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो आवाज प्रथम स्पष्टपणे उमटला तो इ.स. १६४१ मध्ये, आग्रा येथे. बनारसीदास नावाच्या श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने वयाच्या ५५ व्या वर्षी स्वतःची जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून आपले अर्धेच कथन झाले, म्हणून तिला त्याने ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. कवी आणि ‘समयसार नाटका’चा कर्ता म्हणून बनारसीदासांना अध्यात्मप्रेमी जैन ओळखतात. दुकानदार म्हणून ते आयुष्याचा मोठा भाग अपयशी होते आणि ते अपयश त्यांनी रुपये-आण्यांसकट लिहून ठेवले. मुंबईत पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ साली हे पुस्तक संपादित करून प्रसिद्ध केले, तेव्हापासून अभ्यासकांचे त्याकडे लक्ष गेले.

बनारसीदासांचा जन्म १५८६ च्या सुमाराचा, जौनपूरचा. वडील खरगसेन जवाहिरे होते. आजोबा मूलदास माळव्यातील नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. त्यांच्या मृत्यूनंतर घरची मालमत्ता जप्त झाली आणि आजीला लहान खरगसेनांना घेऊन जौनपूरला माहेरच्या आश्रयाला यावे लागले. एका पिढीची कमाई सत्तेच्या एका हुकुमाने नाहीशी होऊ शकते, हा धडा त्या घराण्याला पुन्हा मिळाला तो १५९८ मध्ये. जौनपूरचा सुभेदार किलीचखान याने मनाजोगते रत्न मिळाले नाही म्हणून शहरातील जवाहिऱ्यांना कोंडून चाबकाने मारविले. जवाहिरे कुटुंबकबिल्यासह शहर सोडून पांगले. पुढे १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता आली, तेव्हा जौनपूरची दुकाने बंद झाली. लोकांनी दागिने जमिनीत पुरले, जाडेभरडे कपडे घातले आणि घरोघर दारे लावून घेतली. नवा बादशहा गादीवर बसल्याचे पत्र आग्र्याहून आल्यावर बाजार पुन्हा उघडला. हिंदुस्थानातील दुकानदाराच्या धंद्याला राज्याचे स्थैर्य किती आवश्यक होते, हे सांगायला इतिहासाच्या ग्रंथातील प्रकरणापेक्षा हे बंद दरवाजे पुरेसे आहेत.

१६१० मध्ये खरगसेनांनी मुलाला माल देऊन आग्र्यास धाडले. यादी मोठी बोलकी आहे. माणिक, पन्ना, नीलम, अंगठ्या असा जवाहीर, वीस मण तूप, दोन कुप्पे तेल आणि जौनपुरी कापड. भांडवल काही घरचे, काही बाहेरून उचललेले. एकाच खेपेत इतका निरनिराळा माल पाठविण्यामागे विचार होता. तूप-तेल नाशवंत, पण ताबडतोब खपणारे, त्यातून वाटखर्च आणि राहण्याची सोय निघावी. कापड मध्यम गतीचे. जवाहिराला वेळ लागतो, परंतु खरा नफा त्यातच. विक्रीच्या गतीनुसार मालाचे मिश्रण करण्याचे हे तंत्र आजही किराणा आणि कापडाचा जोडधंदा करणाऱ्या घरांना परके नाही.

योजना बापाची होती, अंमल मुलाचा. इटाव्याजवळ पावसाने गाठले, सराईत जागा मिळेना, चौकीदाराच्या झोपडीत रात्र काढावी लागली. आग्र्यास बहिणीचे सासर होते म्हणून उतरण्याची सोय झाली. परक्या शहरात नातेवाइकाचे घर हेच व्यापाऱ्याचे गोदाम, तेच कार्यालय. तूप-तेल विकून चार रुपये सुटले. कापडात तोटा आला. हाती आले ते हुंडीने घरी पाठविले. जवाहिराची कथा मात्र वाचवत नाही. काही खडे इजारीच्या नाडीत बांधले होते, ते गळून पडले. माणकांची पुडी उंदरांनी पळविली. जडावाच्या दोन पोहोच्या ज्या शेटला विकल्या, त्याचे दुसऱ्याच दिवशी दिवाळे निघाले. वर ताप आला. लेखक कोणाला दोष देत नाही. परंतु वाचकाला दिसते ते हे, की आग्र्यात त्याची पत कोणाला ठाऊक नव्हती आणि त्यालाही कोणाची पत ठाऊक नव्हती. माल शहरात आणणे म्हणजे बाजारपेठेत पोहोचणे नव्हे. त्या दोहोंच्या मध्ये ओळखीचे अंतर असते आणि ते गाडीने कापता येत नाही.

हाताशी काही उरले नाही, तेव्हा बनारसीदास संध्याकाळी घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून रोज शेरभर कचोऱ्या उधार घेऊन हा जवाहिऱ्याचा मुलगा दिवस काढी. काही दिवसांनी त्याने कचोरीवाल्याला एकांतात सांगितले, की तू बरेच उधार दिलेस, आता देऊ नकोस, माझ्याजवळ काही नाही. वीस रुपयांपर्यंत खा, कोणी तुला काही म्हणणार नाही, असे उत्तर कचोरीवाल्याने दिले. सहा-सात महिने असे गेले. पुढे धरमदास नावाच्या श्रीमंत घरच्या तरुणाबरोबर पाचशे रुपयांच्या भांडवलावर भागीदारी झाली. दोघे माणिक, मणी, चुनी विकत घेत आणि विकत. चार पैसे हाती आले तेव्हा बनारसीदासांनी कचोरीवाल्याचा हिशेब केला. तो चौदा रुपये झाला आणि तो चुकता केला.

हा प्रसंग लोकांना आवडतो तो कचोरीवाल्याच्या औदार्यामुळे. त्यातील व्यवहारही तितकाच पाहण्यासारखा आहे. कचोरीवाला रोज संध्याकाळी त्या घरी येत होता, गिऱ्हाइकाला ओळखत होता, त्याचे बोलणे ऐकत होता. गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपली स्थिती उघड केली. उधारीला वीस रुपयांची मर्यादा ठरली आणि ती दोघांनाही माहीत होती. हिशेब एका बसणीत मिटला. याच पुस्तकात याच्या अगदी उलट चित्रही आहे. पुढे एका सावकाराशी असलेला भागीदारीचा हिशेब मिटवायला बनारसीदास आग्र्याला गेले, तर तो शेट नाचगाण्यात आणि खुशमस्कऱ्यांत दंग. आज नको, उद्या पाहू, असे करीत महिने लोटले. शेवटी त्या सावकाराच्या एका आप्ताने मध्यस्थी केली तेव्हा हिशेब क्षणात झाला. चौदा रुपयांच्या खात्याला जो मान मिळाला, तो मोठ्या पेढीच्या खात्याला मिळाला नाही.

पहिली भागीदारी दोन वर्षांनी मोडली, तेव्हा मिळकत आणि खर्च सारखाच भरला होता. पत्नीने गुपचूप साठविलेले वीस रुपये आणि सासूने दिलेले दोनशे, या स्त्रीधनावर पुढची खेप उभी राहिली, हेही सांगायला बनारसीदास संकोचले नाहीत. घरातील स्त्रिया भांडवल पुरवीत आणि वहीत त्यांचे नाव चढत नसे. नंतर पाटणा, जौनपूर, बनारस, आग्रा अशा फेऱ्या झाल्या. १६१६ च्या सुमारास आग्र्यात गाठीचा रोग, म्हणजे प्लेग आला आणि लोक शहर सोडून पळाले. त्यांची नऊ अपत्ये एकामागून एक वारली. व्यापारात स्थैर्य आले ते उतारवयात. तोपर्यंत कुंदकुंदाचार्यांच्या विचाराने त्यांच्या जीवनाचे केंद्रच पालटले होते.

दख्खनचा विषय आला की लेखणी अडखळते. तरीही सुवर्णमहोत्सवी ग्रंथात तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकात गुजरात आणि मारवाडमधून पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांत आलेल्या व्यापाऱ्यांत वैष्णव होते, तसे जैनही होते. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी आलेल्या नातलगाच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राहायचे, हिशेब आणि गिऱ्हाईक ओळखून घ्यायचे, थोडे जमले की शेजारच्या गावात स्वतःचे दुकान काढायचे आणि मूळ पेढीकडून माल व भांडवल घेत राहायचे. त्यातून एका पेढीच्या आधाराने अनेक दुकानांचे जाळे विणले जाई. आनंद श्रावकाच्या दोन प्रकारच्या गाड्यांचे काम येथे नातेसंबंधांनी केले. जेथे रस्ता धड नव्हता, तेथेही मीठ, गूळ, कापड आणि तेल पोहोचले, हे या जाळ्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु गावातील हा दुकानदार केवळ दुकानदार नव्हता. तोच माल विकी, तोच उधार देई, तोच पीक विकत घेई आणि तोच व्याज लावी. शेतकऱ्याने धान्य कोणत्या भावाने दिले आणि कापड कोणत्या भावाने घेतले, हे दोन्ही आकडे एकाच वहीत, एकाच हाताने लिहिले जात. ज्याच्या नावाने लिहिले जात, त्याला बहुधा वाचता येत नसे. १८६१ नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि कर्ज सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळला. पाठोपाठ सरकारने सारा वाढविला. मुदतीच्या कायद्यामुळे सावकाराला काही वर्षांनी रोखे बदलून घेणे भाग पडे आणि दर बदलाला व्याज मुद्दलात मिळून रोखा फुगे. नवी न्यायालये रोख्यावरील अंगठा पाहत, त्यामागचा व्यवहार पाहत नसत. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, जमावाने गुजर वाण्यांच्या दुकानांवर हल्ला केला. दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसएक गावांत पसरला.

चौकशी आयोगाने नोंदविलेली एक गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. माणसांना गंभीर इजा फार थोड्या ठिकाणी झाली. जमावाला हवे होते ते रोखे आणि वह्या. जेथे त्या निमूटपणे हवाली केल्या गेल्या, तेथे बहुधा आणखी काही झाले नाही. गिऱ्हाइकांना दुकान नको झाले होते असे नाही, कारण मीठ-कापड त्यांना उद्याही लागणार होते. त्यांना नको होती ती वही. त्या दंग्यात सापडलेले सर्वच दुकानदार लुबाडणारे होते, असे मानण्याचे कारण नाही. सारावाढ, भावांची घसरण आणि परक्या न्यायालयांची पद्धत ही त्यांनी निर्माण केलेली नव्हती. तरीही खोट्या वजनमापाला अतिचार मानणाऱ्या परंपरेतील लोकांनी, न वाचता येणाऱ्या माणसाच्या नावाने लिहिलेल्या आकड्याला काय मानले, हा प्रश्न उरतो आणि त्याला सरकारकडे बोट दाखवून उत्तर मिळत नाही.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. रोख्यामागील व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला. दुकानदारांच्या रोजच्या कामात फरक पडला तो मात्र एका छोट्या तरतुदीने. शेतकऱ्याने रक्कम दिली की त्याला पावती द्यायची, त्याने मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा आणि व्यवहाराच्या नोंदींचे खातेपुस्तक त्याच्या हाती ठेवायचे, असे कलम त्यात होते. आग्र्याच्या कचोरीवाल्याने आपल्या गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलेला वीस रुपयांचा आकडा, पावणेतीनशे वर्षांनंतर सुप्याच्या गिऱ्हाइकाला अशा रीतीने कागदावर मिळू लागला.